किती वेळा पाहिलंत, ते आधी सांगा

संशोधनाची पूर्वनोंदणी आणि अनेक चाचण्यांसाठी करायची दुरुस्ती, या दोन्हींच्या नावाने नाक मुरडणारे संशोधक आपल्याकडे कमी नाहीत. व्यासपीठावरून कुणी उघड बोलत नाही; चहाच्या टेबलाशी मात्र सगळे मोकळे होतात. "निसर्गाला काय ठाऊक, मी किती चाचण्या केल्या ते?" हा त्यातला ठेवणीतला सवाल. पाठोपाठ येतं, "दुरुस्ती लावली की चांगला निष्कर्षही हातचा जातो." मग, "काय शोधायचं ते आधीच लिहून दिलं, तर नवीन सापडणार कसं?" आणि शेवटी सुस्कारा टाकून, "झालं, आणखी एक फॉर्म!"

ही तक्रार करणारे बहुतेक जण प्रामाणिक आणि कष्टाळू असतात. लबाडांना या वादात रसच नसतो. ते मुकाट फॉर्म भरतात आणि पुढे हवं तेच करतात. तेव्हा प्रामाणिकांच्या तक्रारीला उत्तर द्यायला हवं, आणि ते "जगात सगळीकडे असंच करतात" एवढ्यावर भागवता येणार नाही.

आधी मामला काय आहे तो पाहू. एखाद्या औषधात काडीचाही दम नसताना, निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे पी-व्हॅल्यू सांगते. ती ५ टक्क्यांच्या खाली आली की निष्कर्ष 'सिग्निफिकंट' म्हणायचा, असा रिवाज पडला आहे. एक चाचणी केली तर फसण्याची शक्यता ५ टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर त्यातली एखादी तरी फसवी निघण्याची शक्यता ६४ टक्के. दुरुस्ती म्हणजे या वाढीव शक्यतेचा हिशेब करून उंबरठा अधिक कडक करणं. पूर्वनोंदणी म्हणजे कुठली चाचणी करणार, हे माहिती हातात येण्याआधी तारखेनिशी लिहून ठेवणं. दोन्ही गोष्टी निरनिराळ्या असल्यासारखी त्यांच्यावर टीका होते. वास्तविक त्या एकाच गोष्टीच्या मागे आहेत. तुमच्या यशाखालचा भाजक किती?

भाजकाने काय फरक पडतो, हे मराठी माणसाला कळावं यासाठी परदेशी जायला नको. २००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे जाणकार टीकाकार प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांचे जन्मतपशील गोळा केले, कुंडल्या मांडल्या, आणि ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. यातल्या ४० कुंडल्या घ्या आणि कुठली हुशार मुलाची, कुठली मतिमंद मुलाची, ते सांगा. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत वर गेलेल्या ज्योतिषाचे ४० पैकी २४ अंदाज बरोबर आले. एकूण सरासरी मात्र निम्म्याच्याही खाली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या. तिची १०२ उत्तरं बरोबर निघाली. म्हणजे नाणं उडवावं तसं.

आता समजा, ही चाचणी झाल्याचं कुणाला ठाऊकच नाही आणि तो २४ वाला ज्योतिषी एकटाच वर्तमानपत्राच्या कचेरीत आला. "चाळीसपैकी चोवीस!" साठ टक्के. दहावीत प्रथम वर्ग म्हणायचे याला. बातमी छापून आली असती, त्याच्याकडे रांग लागली असती, आणि त्याने एक शब्दही खोटा सांगितला नसता. पण नाणं उडवणाऱ्या एका माणसाला २४ किंवा अधिक मिळण्याची शक्यता १३ टक्के असते. असे २७ जण बसवले तर तिघा-चौघांना तेवढे मिळायलाच हवेत. इथे एकालाच मिळाले. इतकंच कशाला, कुणी २६ बरोबर सांगितले असते आणि एकट्याचा हिशेब केला असता, तर ते ५ टक्क्यांच्या खाली जाऊन 'सिग्निफिकंट' ठरले असते. आणि २७ नाणेफेक्यांत तसा निदान एक तरी निघण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के आहे. त्या ज्योतिषाच्या चोवीसचं मोल त्याच्या कुंडल्यांत नाही, बाकीच्या २६ जणांच्या उत्तरपत्रिकांत आहे. त्या उत्तरपत्रिका समोर आहेत याचं कारण प्रयोग आधी जाहीर केला होता, नियम आधी ठरले होते आणि कोण उतरलं याची मोजदाद होती.

आता तो ठेवणीतला सवाल. अमेरिकन साथरोगतज्ज्ञ केनेथ रॉथमन यांनी १९९० साली तो सर्वांत ताकदीने मांडला, आणि आपल्याकडचे आक्षेपक कळत-नकळत त्यांचीच री ओढतात. त्यांचं म्हणणं असं की, दुरुस्ती लावणारा माणूस सगळं जग म्हणजे योगायोगाचा गोंधळ आहे असं धरून चालतो. पण विज्ञान तर निसर्गात नियम असतात या विश्वासावर उभं आहे. शिवाय अ आणि ब यांच्यातला संबंध खरा की खोटा, हे मी क आणि ड यांच्याकडेही पाहिलं होतं का यावर कसं ठरेल? १९९८ साली थॉमस पर्नेगर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेच जास्त चिडून लिहिलं.

निसर्गाला ठाऊक नसतं, कबूल. पण तुमचा लेख निसर्ग वाचत नाही, आम्ही वाचतो. अ आणि ब यांच्यातला संबंध तुम्ही किती वेळा पाहिलंत त्याने बदलत नाही. बदलतं ते तुमच्या लेखाचं वजन. तुम्ही शंभर दारं ठोठावून जे उघडलं तेवढंच दाखवलंत की एकच दार ठोठावून ते उघडलं, यावर मी तुमच्यावर किती विसंबायचं ते ठरतं. जग गोंधळ आहे असं आम्ही मानत नाही. तुम्ही दारं किती ठोठावलीत ते आम्हाला सांगितलेलं नाही, एवढंच मानतो. आणि गंमत अशी की, पर्नेगरही शेवटी याच ठिकाणी येऊन पोचतात. दुरुस्तीचा एवढा समाचार घेतल्यावर त्यांनी सुचवलेला उपाय काय? कुठल्या चाचण्या केल्या आणि का केल्या, ते सरळ सांगून टाका. उत्तम! पण सांगणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर आणि सोयीवर ते सोडायचं नसेल, तर ते कुठे तरी आधी लिहिलेलं लागेल. पर्नेगरांचा लेख पूर्वनोंदणीच्या विरोधात वापरणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत वाचलेला नसावा.

"पण मी खरंच एकच चाचणी केली," असं यावर उत्तर येतं. वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्रवाल्याच्या खोलीत थिसिसच्या हंगामात बसून पाहा. "सर, ०.०८ येतेय." मग, "स्त्री-पुरुष वेगळे करून बघू?" मग, "ते दोन पेशंट तसे नॉन-कम्प्लायंटच होते, काढले तर?" मग, "सहा आठवड्यांचं नाही, बारा आठवड्यांचं रीडिंग घेऊ या का?" आणि मग चेहरा उजळतो: "आली, सर! ०.०३!" यात लबाडी कुठेच नाही. प्रत्येक पावलाला वैद्यकीय कारण आहे आणि ते मुलाला मनापासून पटलेलं आहे. थिसिसमध्ये छापली जाते ती शेवटची चाचणी, आणि ती खरोखर एकच असते. वाटेतल्या चाचण्या त्याच्या लेखी चाचण्या नव्हत्याच, ती फक्त 'डेटा नीट बघणं' होतं. आधी लिहून ठेवण्याची गरज यासाठी आहे. लबाडाला पकडणं हा त्याचा दुय्यम फायदा. मुख्य फायदा असा की, आपण कुठून निघालो होतो ते स्वतःलाच कळतं.

दुसरा आक्षेप म्हणजे दुरुस्तीने खरे निष्कर्ष मरतात. यात तथ्य आहे. बॉन्फेरोनीची रीत, म्हणजे ५ टक्क्यांना चाचण्यांच्या संख्येने भागणं, ओबडधोबड आहे; चाचण्या एकमेकींशी निगडित असतील तर ती नको इतकी कडक होते. पण बॉन्फेरोनीवर सगळा राग काढणाऱ्यांनी दिनदर्शिका पाहावी. होल्मची रीत १९७९ पासून आहे, चुकीला बॉन्फेरोनीइतकाच आळा घालते आणि त्याहून जास्त खरे निष्कर्ष वाचवते. बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांची रीत १९९५ पासून आहे; 'एकही चूक नको' हा हट्ट सोडून 'जाहीर केलेल्या शोधांत खोटे किती टक्के चालतील' एवढंच ती धरते. मुख्य प्रश्न एकच ठेवला आणि तो आधी लिहून दिला, तर दुरुस्तीची वेळही येत नाही. हे आक्षेपक हमखास विसरतात. पूर्वनोंदणी ही दुरुस्तीचा जाच चुकवण्याची सर्वांत स्वस्त वाट आहे.

आणि दुरुस्ती न लावल्याने खरं काही मरत नाही, असं कुणी सांगितलं? १९७८ साली कॅनडात ५८५ रुग्णांवर ॲस्पिरिनची चाचणी झाली. पक्षाघाताची पूर्वसूचना मिळालेल्या रुग्णांत पक्षाघात आणि मृत्यू टळतात का, हे पाहायचं होतं. एकूण फायदा दिसला. पण स्त्री-पुरुष वेगळे केल्यावर पुरुषांत तो भरघोस दिसला आणि स्त्रियांत दिसलाच नाही. १९८० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कारणासाठी ॲस्पिरिनला मंजुरी दिली ती फक्त पुरुषांसाठी. स्त्रियांचा त्यात समावेश व्हायला १९९८ उजाडलं. मोठमोठ्या चाचण्या एकत्र तपासल्यावर फायदा दोघांनाही होतो हे कळलं. अठरा वर्षं बायकांना एका स्वस्त गोळीपासून दूर ठेवलं, ते कुणाच्या दुरुस्तीने? उपगट पाडून पाहण्याच्या बेहिशेबी सवयीने.

याच ॲस्पिरिनची दुसरी कथा संख्याशास्त्राच्या वर्गात कायम सांगितली जाते, आणि आपल्याकडे तर ती जास्तच रंगावी. ऑक्सफर्डहून चालवलेली आयसिस-२ ही चाचणी १९८८ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका आलेले १७,१८७ रुग्ण, १६ देश, ४१७ रुग्णालयं. ॲस्पिरिन घेतलेल्यांत पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने ९.४ टक्के दगावले, न घेतलेल्यांत ११.८ टक्के. शंकेला जागाच नाही. तरी संपादक मंडळींनी उपगटांची आकडेवारी मागितली. रिचर्ड पीटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दिली, पण एका अटीवर. पहिला उपगट राशींचा असेल! निष्कर्ष निघाला की मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा उपयोग नाही, उलट किंचित अपायच; बाकी दहा राशींना फायदा जबरदस्त. (या राशी पाश्चात्त्यांच्या, सूर्यावरून काढलेल्या. चंद्रराशीवर मोजलं असतं तर दुसऱ्याच दोन राशी बदनाम झाल्या असत्या.) तो तक्ता लॅन्सेटमध्ये छापलेला आहे. तो वाचून हसणारे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आपल्या थिसिसमध्ये मधुमेही आणि बिगरमधुमेही वेगळे करतात तेव्हा त्यांना हसू का येत नाही, हे मला उमगलेलं नाही.

कडक दुरुस्तीने विषय बुडतो असं म्हणणाऱ्यांनी जनुकशास्त्राकडे पाहावं. पूर्वी 'या जनुकामुळे नैराश्य येतं' छापाचे निबंध ढिगाने निघत. शे-दोनशे माणसं घ्यायची, एक लाडकं जनुक निवडायचं आणि काही ना काही संबंध दाखवायचा. मग सबंध जनुकसंच एकदम तपासायचं तंत्र आलं आणि त्या लोकांनी स्वतःच उंबरठा ठरवला. दहा लाख चाचण्या धरून ५ टक्क्यांना दहा लाखांनी भागायचं. म्हणजे दोन कोटींत एक. आक्षेपकांच्या हिशेबाने या शास्त्राचा अंत व्हायला हवा होता. घडलं उलटंच. एवढा उंबरठा एकट्या प्रयोगशाळेला झेपेना म्हणून देशोदेशीचे गट एकत्र आले, नमुने हजारांवरून लाखांवर गेले, आणि आज हजारो संबंध असे हाती आहेत की जे पुन्हा तपासले तरी टिकतात. जुन्या लाडक्या जनुकांपैकी नैराश्याच्या नावावर असलेली १८ नावाजलेली जनुकं २०१९ साली लाखो लोकांच्या माहितीवर तपासली गेली. कुठल्याही इतर जनुकाहून ती विशेष निघाली नाहीत.

तिसरा आक्षेप कल्पकतेचा, आणि त्यात पेनिसिलिनचं नाव यायलाच हवं. "फ्लेमिंगने पूर्वनोंदणी केली होती का?" नव्हती केली, आणि कुणी मागितलीही नसती. १९२८ साली त्याला बुरशीभोवती जंतू मेलेले दिसले. ते पाहायला पी-व्हॅल्यू लागत नव्हती. पण ते औषध आहे हे त्या बशीने सिद्ध केलं नाही. त्यासाठी मे १९४० मध्ये ऑक्सफर्डला फ्लोरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना जंतू टोचले, चौघांना पेनिसिलिन दिलं आणि चौघांना दिलं नाही. काय पाहायचं ते उंदीर हातात घेण्याआधी ठरलेलं होतं. न दिलेले चारही मेले. शोधताना कसेही भटका, कुणी अडवलेलं नाही. पूर्वनोंदणीतही 'हे नियोजनाबाहेर सापडलं' असं लिहायला पूर्ण मुभा असते. आक्षेप भटकण्यावर नाही. भटकून आल्यावर आपण पहिल्यापासून इकडेच निघालो होतो, असं सांगण्यावर आहे.

ते सांगणं कुठवर जातं, याचा धडा म्हणून 'स्टडी ३२९' पुरे. किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावर पॅरोक्सेटिन हे औषध देऊन केलेली ही चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली, औषध गुणकारी आणि सुरक्षित असल्याचा निर्वाळा देऊन. आराखड्यात आधी ठरवलेली मोजमापं आठ होती. दोन मुख्य, सहा दुय्यम. त्यातल्या एकातही औषध प्लासिबोहून सरस ठरलं नव्हतं. मग आणखी निदान १९ मोजमापं तपासली गेली, आणि एकूण २७ पैकी जी ४ अनुकूल निघाली त्यांच्या जोरावर लेख उभा राहिला. (सत्तावीस ज्योतिषी, सत्तावीस मोजमापं, नक्षत्रंही सत्तावीसच. याचीही पी-व्हॅल्यू काढणारा कुणी भेटेल.) मूळ आराखडा आणि माहिती बाहेर यायला कोर्टकचेऱ्या व्हाव्या लागल्या. २०१५ साली स्वतंत्र संशोधकांनी सगळं पुन्हा तपासलं. औषध त्या मुलांना ना गुणकारी होतं ना सुरक्षित. आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न वाढल्याचं आकड्यांत होतं. दरम्यान ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २०१२ साली अमेरिकेत ३ अब्ज डॉलर भरून जे खटले मिटवले, त्यात हे औषध अठरा वर्षांखालच्यांसाठी खपवल्याचा आरोपही होता. हा आराखडा २००१ मध्ये कुणालाही वाचता आला असता, तर तो लेख छापूनच आला नसता.

"नोंदणी करूनही लोक बदल करतातच," असं यावर म्हणतात. करतात. संशोधक बेन गोल्डेकर यांच्या गटाने जगातल्या पाच अव्वल वैद्यकीय नियतकालिकांतल्या ६७ चाचण्या त्यांच्या आराखड्यांशी ताडून पाहिल्या. ठरल्याप्रमाणे सगळं मांडलेल्या चाचण्या निघाल्या ९. नोंदवलेली ३५४ मोजमापं गायब होती आणि ३५७ नवी गुपचूप घुसवलेली होती. पूर्वनोंदणीचा पुरस्कार करणारेही सुटले नाहीत. २०२३ साली अशा काही मंडळींचा एक गाजलेला निबंध आला आणि पूर्वनोंदणीबद्दलचे त्यातले दावे खरे नसल्याचं दिसल्यावर २०२४ साली मागे घ्यावा लागला. पण हे आकडे, ही नामुष्की आपल्याला कळली कशी? नोंद होती म्हणून. वजनकाट्यात खोट सापडते म्हणून काटाच नको, असा हा युक्तिवाद आहे.

आणि नोंदीने काय बदलतं, तेही मोजलेलं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुफ्फुस आणि रक्त संस्थेच्या पैशावर झालेल्या मोठ्या चाचण्या रॉबर्ट कॅप्लन आणि व्हेरोनिका अर्विन यांनी तपासल्या. २००० सालाआधीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. मुख्य मोजमाप आधी नोंदवणं सार्वत्रिक झाल्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ चाचण्यांत. काळाबरोबर इतर उपचार सुधारले हेही एक कारण असेल. पण १७ वरून २ वर येण्याइतकी औषधं एका रात्रीत निकामी होत नाहीत. जुन्या सतरांपैकी किती औषधांच्या चिठ्ठ्या आपण अजून फाडतो आहोत, हा विचार माझी तरी झोप उडवतो.

राहता राहिला फॉर्म. 'परदेशी फॅड' हा त्याचाच धाकटा भाऊ. भारताची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ पासून चालू आहे, नोंदणीला पैसे पडत नाहीत, आणि औषध महानियंत्रकांनी २००९ साली चाचण्यांची नोंदणी सक्तीची केली. चाचणी उरकल्यावर सावकाश नोंद करायची पळवाट होती, तीही १ एप्रिल २०१८ पासून बंद झाली. तरी औषधाच्या चाचण्यांपलीकडचं बहुतेक संशोधन या सगळ्याबाहेरच राहतं.

पण जो कागद नको म्हणून ओरड चालली आहे, तो कागद आपल्याकडे आधीपासून आहे. एमडी, एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीलाच सिनॉप्सिस द्यावा लागतो. उद्दिष्टं, रुग्णसंख्या आणि ती कशी काढली, कुठली मोजमापं, कुठली चाचणी, सगळं त्यात लिहिलेलं असतं. गाइडची सही होते, एथिक्स कमिटीचा शिक्का बसतो. पीएचडीचा आराखडाही समितीपुढे मांडून मंजूर होतो. तारखेनिशी, शिक्क्यानिशी ही पूर्वनोंदणीच आहे. फक्त मंजूर झाल्यावर ती कपाटात जाते आणि पुन्हा कुणी तिचं तोंड पाहत नाही. तोंडी परीक्षेला परीक्षकांपुढे थिसिस असतो, सिनॉप्सिस नसतो. ०.०३ कुठून आली, हे विचारायचं तर परीक्षकाने विचारायचं कशाच्या आधारे?

तेव्हा नवा फॉर्म राहू द्या. मंजूर सिनॉप्सिस जसाच्या तसा थिसिसच्या सुरुवातीला बांधा. त्यामागे एक पान घाला: ठरवलं काय होतं, केलं काय, बदललं का, आणि एकूण चाचण्या किती केल्या. आठ-दहा पानं वाढतील. बाइंडिंगवाला त्याचे वेगळे पैसेही लावणार नाही.